चिंबोरीची पेटी

आमच्या घरात आंबा पिकल्याची बातमी भोकांतून येते. एप्रिल उलटला की मी माळ्यावरची जुनी लाकडी पेटी खाली काढायला लावते. तिच्यात भाताचा पेंढा अंथरते, त्यावर कच्चा हापूस ओळीने मांडते, वर पुन्हा पेंढा, पुन्हा आंबे. झाकण लावलं की माझं काम संपलं, पुढचं पेटी बघते. मग एखाद्या सकाळी चहा गाळताना अचानक वास येतो. पेटीच्या अंगावर चारी बाजूंनी भोकं आहेत आणि प्रत्येक भोकातून तो बारीक धारेने बाहेर पडत असतो. त्या दिवशी घरात कुणाचंही कुणाशी वाकडं नसतं.

यंदा मोसमाच्या तोंडावरच आम्ही स्वयंपाकघर नवं करायला काढलं. त्या कामावर आलेला सुतार माळ्यावरून नुकत्याच उतरवलेल्या पेटीभोवती दोन-तीनदा घुटमळला. मग म्हणाला, "मॅडम, लाकूड एक नंबर आहे. असं लाकूड आता मिळत नाय. भोकं तेवढी बुजवून देतो, पॉलिश मारतो, मस्त टीपॉय होईल." बोलता बोलता त्याने पुट्टीचं बोट एका भोकाला लावलंसुद्धा. मी जी ओरडले, ती शेजारच्या विंगमध्ये ऐकू गेली असेल. आतल्या खोलीत पेपर वाचत बसलेला शेखर, म्हणजे माझा नवरा, तिथूनच म्हणाला, "अरे बाबा, त्या पेटीला हात लावू नकोस. तुझं काम जाईल आणि माझं जेवण."

ती भोकं मी पाडली आहेत. एकूण एक, माझ्या हाताने. आणि ती बुजवायची नाहीत.

नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं होती. फळबाजार मुंबईतून उठून आमच्या वाशीत आला होता आणि त्याबरोबर आमच्या गावाला स्वतःचा एक वास आला होता. त्याआधी वाशीला वास होता तो खाडीचा, ओहोटीच्या चिखलाचा. आता एप्रिल-मे लागला की कोकणातून ट्रकांची रांग लागायची, बाजाराबाहेरच्या रस्त्यावर पेंढा उडायचा, नाल्यातून डागी आंबे वाहत जायचे आणि बसमधून उतरणाऱ्या माणसांच्या शर्टांनाही आंब्याचा वास यायचा. वाऱ्याची दिशा बदलली की दुपारच्या त्या रणरणत्या उन्हात आधी खाडी यायची आणि मागून आंबा यायचा. हा वास आवडायला नवी मुंबईचंच असावं लागतं.

अशाच एका मोसमात बाजाराच्या फाटकाशी, उपसून टाकलेल्या पेंढ्यात, मला एक पिल्लू दिसलं होतं. मागचा एक पाय चिरडलेला. मी आंबे घ्यायला गेले होते, आंबे राहिले. पाय बरा झाला, पण चाल तिरकीच राहिली. पुढे जायचं असलं की ती आधी बाजूला जायची आणि मग पुढे. आमच्या कोपऱ्यावर मासळी विकायला बसणाऱ्या बेबीबाईने तिला पाहिलं आणि मासळीच्या पाटीवरूनच नाव ठेवलं. "ही तं चिंबोरी हाय," ती म्हणाली. खेकड्याच्या मादीचं नाव कुत्रीला. ते चिकटलं ते चिकटलंच.

शेखर तेव्हा मस्कतला नोकरीला होता. लग्नानंतर काही महिन्यांत गेला, वर्षातून एकदा यायचा, आणि कुटुंबाला घेऊन जायची परवानगी अजून मिळाली नव्हती. वाशीच्या तळमजल्यावरच्या त्या घरात सासूबाई, मी आणि चिंबोरी. सासूबाई मूळच्या कराडकडच्या, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत कुत्र्याला येऊ न देणाऱ्या. चिंबोरीही वस्ताद होती. पुढचे दोन पाय उंबऱ्याच्या अलीकडे आणि नाक पलीकडे, अशी ती तासन्‌तास पडून असायची. सासूबाई तिच्याकडे बघत नसत. निदान मला तरी तसंच वाटायचं.

शेखर सुट्टीवर आला की चिंबोरी त्याच्यावर गुरगुरायची. तिच्या दृष्टीने हा कुणी परका इसम, बॅगा घेऊन आलेला, थेट पलंगावर बसणारा. तो तिच्यापुढे बिस्किटं टाकायचा, ती बिस्किटं खायची आणि पुन्हा गुरगुरायची. "माझ्याच घरात मला भीती," तो म्हणायचा. मला हसू यायचं, त्याला येत नसे.

परवानगी मिळाल्याचा त्याचा फोन आला तोही आंब्याच्याच दिवसांत. शुक्रवार होता, त्याच्या सुट्टीचा वार. सगळं ठरवून झाल्यावर त्याने दोन गोष्टी सांगितल्या. "आईला दादाकडे मुलुंडला पोचव. आणि येताना हापूसची एक पेटी आण, साहेबांना द्यायचीय." मी विचारलं, "आणि चिंबोरी?" पलीकडे फोनची खरखर. मग तो म्हणाला, "अगं, कुत्रं कुठे घेऊन येतेस? कुणाला तरी दे."

कुणाला तरी दे. हे वाक्य मी त्या मोसमात इतक्या तोंडांतून ऐकलं की शेवटी ते सगळ्यांचं मिळून एकच तोंड आहे असं वाटायला लागलं. मुलुंडच्या दिरांकडे कुत्र्याचं नाव काढायची सोय नव्हती. माहेरी जागा नव्हती. बेबीबाईच्या घरी आधीच चार कुत्री होती आणि ती तिरक्या चालीच्या पाहुणीला उभं करणार नव्हती. उरला तो सोसायटीचा सेक्रेटरी, आणि त्याच्याकडे उपाय तयार होता.

"मॅडम, तुमी कशाला टेन्शन घेताय? तुमी बिनधास्त जा. वॉचमनला सांगतो, पोत्यात घालून दिघ्याला सोडून येईल. तिकडे कारखाने आहेत, कँटीनचं उरलंसुरलं भरपूर मिळतं. मजेत राहील."

तिरकं चालणारं कुत्रं दिघ्याच्या रस्त्यावर, कारखान्यांच्या ट्रकांमध्ये. किती मजेत आणि किती वेळ राहिलं असतं ते त्यालाही माहीत होतं आणि मलाही. त्या दिवसापासून प्रश्न एवढाच उरला: चिंबोरी माझ्याबरोबर विमानात, नाहीतर वॉचमनच्या पोत्यात. मधलं काही नव्हतं. मी सेक्रेटरीला म्हटलं, "पोतं तुम्हीच वापरा, पावसाळ्यात डोक्यावर घ्यायला होईल." त्यानंतर त्याने माझ्याशी बोलणं सोडलं, हा एक फायदाच झाला.

लोकांना कुत्रं परदेशात नेणं खटकत नव्हतं, असलं कुत्रं नेणं खटकत होतं, हे मला हळूहळू समजलं. वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "पामेरियन असतं तर एक वेळ समजलं असतं." म्हणजे पांढरं, झुपकेदार, विकत घेतलेलं कुत्रं विमानात शोभलं असतं. पेंढ्यातून उचललेलं, पिवळट, लंगडं गावठी कुत्रं विमानात बसलं की विमानाचीच इज्जत जाते. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर भले होते, पण तेही दाखल्यावर जात लिहिताना अडले. मी म्हटलं, गावठी लिहा. ते म्हणाले, "नको, तिकडचे विचारत बसतील. इंडियन लिहितो." ज्या कुत्रीला आमच्या सोसायटीने कधी आपली म्हटलं नाही, ती एका सहीने अख्ख्या देशाची झाली.

आणखी एक गोष्ट लोक बोलत, पण मी पाठ फिरवल्यावर. मूलबाळ नाही ना अजून, म्हणून कुत्र्यावर जीव. हे दयेने बोललं जायचं आणि दयेचा मला भारी संताप येतो. मला आजही त्या सगळ्यांना जिन्यात उभं करून सांगावंसं वाटतं की नाही हो, ती माझं लेकरू नव्हती. मी तिला कधी टोपडं घातलं नाही, कधी 'आईकडे ये' म्हटलं नाही. ती कुत्री होती, आणि कुत्री म्हणूनच मला हवी होती. संध्याकाळी खाडीच्या बांधावर माझ्याबरोबर तिरकी तिरकी चालणारी, नवरा दूर असलेल्या बाईकडे जास्त वेळ बघणाऱ्यांवर न सांगता गुरगुरणारी. तिने माझी ती वर्षं राखली होती. राखणदाराला असं पोत्यात घालून सोडतात का?

विमान कंपनीच्या ऑफिसातल्या माणसाने सांगितलं, कुत्रं सामानाच्या भागातून जाईल, पेटी तुमची तुम्ही आणायची. मजबूत हवी, कुत्र्याला उभं राहून वळता आलं पाहिजे, आणि खालून गळता कामा नये. त्याने हे शेवटचं दोनदा सांगितलं. बाजारातल्या पेट्या ठोकणाऱ्यांकडे गेले तर ते हसायला लागले. त्यांची पेटी म्हणजे चार पातळ फळ्या, आंबा सोडून दुसरं काही तिच्यात टिकत नाही. फर्निचरवाल्यांनी प्लायवूड दाखवलं, ते मी नखाने सोलून दाखवलं. शेवटी बेबीबाई म्हणाली, "माझे भावाला सांग. होऱ्या बांदतं तो. त्याची पेटी गलनार नाय."

तिचा भाऊ हिराजी मिस्त्री दिवाळ्याच्या कोळीवाड्यात होड्या बांधायचा. बेलापूरच्या पलीकडे, खाडीच्या काठाला, अर्धवट झालेल्या एका होडीच्या पोटात तो बसलेला असायचा. मी माप दिलं, कुत्री दाखवली, आणि ऑफिसातल्या माणसाचं वाक्य जसंच्या तसं त्याच्या कानावर घातलं: गळता कामा नये. तो नुसता हसला. त्याला कुणी हे पहिल्यांदाच सांगत नव्हतं.

पेटी तयार झाली म्हणून गेले, तर डोळे दिपले. जुन्या होडीच्या सागवानी फळ्या, समुद्राने वर्षानुवर्षं मुरवलेल्या. कोपरे असे बसवलेले की नख जाणार नाही. फळी आणि फळी यांच्यामधल्या फटीत माशाच्या तेलात भिजवलेला कापूस ठोकून घातला होता आणि वरून राळ फासली होती. झाकण तर असं की ते लावताना आतली हवा फुस्सकन बाहेर यायची. हिराजीने अभिमानाने पेटीवर थाप मारली.

"बाय, पानी एक थेंब आत नाय जानार. दर्यान टाक, तरंल."

मी पेटीभोवती फिरले. एकदा, दोनदा. मग म्हटलं, "मिस्त्री, हिने श्वास कुठून घ्यायचा?"

हिराजीने चिंबोरीकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, मग वर आभाळाकडे पाहिलं. "झाकन उगरा ठेवायचा," तो म्हणाला. "इमान एवरा वर जातं. वर वारा नाय?"

चूक कुणाची, असं विचाराल तर मी कुणाचीच म्हणणार नाही. गळू नये असं सांगितलं होतं, माणसाने शब्द पाळला. त्याच्या बापाने, आजाने आयुष्यभर एकच काम केलं होतं, बाहेरचं आत येऊ न देण्याचं. त्या हातांनी फट ठेवायची कशी? मी म्हटलं, ठीक आहे, आता भोकं पाडून द्या. तर हिराजीने हात मागे घेतले आणि पाठीवर बांधले.

"भोक पारायचा तं त्यान खिला बसवायचा. मोकला भोक सोरायचा नाय, बाय. आमचे घरान कोनी सोरला नाय."

मी रागावले, समजावलं, ही होडी नाही म्हटलं. तो म्हणाला, फळी होडीचीच आहे. त्याची बायको आतून पाणी घेऊन आली, तिनेही त्याला दोन शब्द सुनावले, तरी हात पाठीवरच. शेवटी तो उठला, अवजारांच्या ढिगातून लाकडी मुठीचं एक गिरमिट काढलं आणि माझ्यापुढे धरलं. "हत्यार देन. हात नाय देनार."

मला त्या क्षणी तो माणूस फार आवडला. इतके दिवस मी जिथे तिथे नाही म्हणत होते, आणि माझ्यासारखंच नाही म्हणणारं कुणीतरी मला पहिल्यांदा भेटलं होतं. मी गिरमिट घेतलं.

तो मे महिना मी गॅलरीत काढला. मिठाने मुरलेलं सागवान म्हणजे दगड. गिरमिटाचं टोक फळीवर रोवायचं, छातीचा भार मुठीवर टाकायचा आणि फिरवायचं. सुरुवातीला नुसती करकर, मग तपकिरी भुसा, मग मुरलेल्या माशाच्या तेलाचा वास, आणि एकदम टोक पलीकडे निघायचं. त्या निघण्याचा जो आनंद आहे तो मी नंतर कशातच अनुभवला नाही. एक भोक झालं की मी त्याला तोंड लावून आत फुंकर मारायची. चिंबोरी पलीकडून नाक लावायची. तेलाच्या त्या वासामुळे ती पेटीच्या प्रेमातच पडली होती, झाकण उघडं दिसलं की आत जाऊन बसायची. लोकांना कुत्री पेटीत घालायला कष्ट पडतात, मला बाहेर काढायला पडत होते.

हाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. वरच्या वहिनींनी भुशाची तक्रार केली. सेक्रेटरीने वॉचमनबरोबर आवाजाची तक्रार पाठवली. येणारे-जाणारे गॅलरीच्या कठड्याशी थांबून विचारत, "काय चाललंय?" मी सांगायची, "विमान बनवतेय." उन्हाने अंग भाजत होतं, बाजाराकडून आंब्याचा वास येत होता, आणि आमच्या घरात त्या वर्षी एकही आंबा आला नव्हता, कारण आणायला वेळ कुणाला होता? मी खूष होते. खरंच सांगते, इतकी खूष मी लग्नातही नव्हते.

एका दुपारी सासूबाई गॅलरीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात उलथनं. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. "कुत्र्यामागं कोण एवढं करतं व्हय?" असं त्या त्याच सकाळी म्हणाल्या होत्या. त्यांनी पेटी वरपासून खालपर्यंत पाहिली. मग उलथन्याच्या टोकाने तळापासून चार बोटं वर एक जागा दाखवली.

"हितं पाड एक. सगळी वरच पाडलीस. निजली की नाक हितं येतं तिचं."

मी चिंबोरीकडे पाहिलं. ती उंबऱ्यावर निजली होती, हनुवटी फरशीला टेकलेली, नाक फरशीपासून बरोबर चार बोटं वर. सासूबाई आत निघून गेल्या, पोळी करपत होती. त्या जागेवर मी सगळ्यांत मोठं भोक पाडलं, अंगठा जाईल एवढं.

निघायच्या आदल्या शुक्रवारी शेखरचा फोन आला. आंब्याची पेटी घेतलीस ना, त्याने विचारलं. मी म्हटलं, पेटी आहे, पण तिच्यात आंबे नाहीत. तो चिडला. म्हणाला, मी इथे सगळं जमवत आणलंय, तुला माझ्यापेक्षा कुत्रं जास्त झालं का? मी म्हटलं, "शेखर, मला निवडायला लावू नकोस. मी येतेय, ती येतेय. तू विमानतळावर मला एकटीला न्यायला येणार असशील तर येऊच नकोस." मी फोन ठेवला. फुशारकी मारून सांगता येईल असं आज वाटतं, तेव्हा नुसती भीती होती. पण भीती वाटते म्हणून मागे फिरायचं, असं कुठे ठरलंय?

सहारच्या विमानतळावर चार जणांनी पेटी उचलली. "आत काय आहे बाई, कपाट?" काउंटरवरच्या माणसाने पेटीभोवती फेरी मारली, नाक मुरडलं. "मासळी आहे का?" "कुत्री आहे." "वास मासळीचा येतोय." "तिला आवडतो." त्याने सगळ्या भोकांकडे बघितलं, वरिष्ठांना बोलवायला गेला. मी सरळ पेटीवर बसले. मागे रांग, रांगेत लोक, हातात आंब्याच्या पेट्या. त्या पेट्यांना कुणी काही विचारत नव्हतं. आंबा देशोदेशी मानाने जातो, त्याचं कुणाला नवल नाही. एका कुत्रीसाठी मात्र सगळा विमानतळ थांबला होता. वरिष्ठ आले, वाकले, आणि नेमकी तेव्हाच चिंबोरी आतून घोरली. लांबलचक, समाधानी घोरणं. "झोपलीय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हो, तिला प्रवासाचं काही वाटत नाही." ते हसले आणि पेटीवर चिठ्ठी चिकटवली.

विमानात मी खाली बघत नव्हते, पायांखाली बघत होते. पायांखाली कुठेतरी ती, अंधारात, आंब्यांच्या शेजारी.

मस्कतला शेखर आला होता. इस्त्रीचा शर्ट, हातात काहीच नाही. आम्ही वर्षाने भेटत होतो. तो एवढंच म्हणाला, "आलीस." मग आम्ही मालाच्या शेडकडे गेलो. मे महिन्याची मस्कतची दुपार कुणी अनुभवली असेल त्याला वेगळं सांगायला नको, पत्र्याच्या त्या शेडमध्ये श्वास घेतला की छाती भाजायची. आणि आत पाऊल टाकलं तर काय, वाशी! छतापर्यंत आंब्याच्या पेट्या, फळ्यांतून डोकावणारा पेंढा, तोच वास. माझा सगळा बाजार माझ्याआधी तिथे पोचला होता.

पेट्यांच्या मागे, भिंतीला लागून, माझी पेटी होती. शांत. मी हाक मारली, "चिंबोरी." काही नाही. तिथल्या हमालाने झाकणावर टकटक केलं. काही नाही. पुन्हा हाक मारली, तरी काही नाही. तेव्हा, त्या सगळ्या मोसमात पहिल्यांदाच, मला वाटलं की सगळे बरोबर होते. वहिनी, सेक्रेटरी, शेखर. दिघ्याला सोडली असती तर कदाचित जगली तरी असती. मी माझ्या हट्टापायी तिला एका पेटीत घालून मारलं.

शेखरने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वृंदा, मन घट्ट कर," तो म्हणाला. मग तो पुढे झाला, इस्त्रीच्या पँटसकट गुडघ्यांवर बसला, आणि आत काही दिसतंय का ते शोधू लागला. वरची भोकं अंधारी होती. तो आणखी वाकला. तळापासून चार बोटं वर, सासूबाईंनी उलथन्याने दाखवलेलं ते भोक त्याला सापडलं. त्याने हळूच त्यात बोट घातलं.

आतून गुरगुर आली.

दमलेली, खोल, ओळखीची गुरगुर. शेखरने चटका बसल्यासारखं बोट मागे घेतलं आणि मी त्या शेडमध्ये सगळ्या हमालांसमोर मोठमोठ्याने हसत सुटले. हसता हसता रडले, रडता रडता खाली बसले. "अजून मला ओळखत नाही ही," शेखर बोट चोळत म्हणाला. मी म्हटलं, "चांगलं ओळखते." झाकण उघडलं तर ती उठून उभी राहिली, अंग झटकलं, आधी बाजूला पाऊल टाकलं आणि मग पुढे.

मस्कतला ती पुष्कळ वर्षं जगली. समुद्राच्या कडेने तिरकी चालायची, तिथली मुलं तिच्यामागून तशीच तिरकी चालायची. शेखरवर तिने गुरगुरणं सोडलं तेव्हा तो थोडा नाराजच झाला होता असा माझा संशय आहे. ती गेली तेव्हा गावाबाहेरच्या एका बोरीखाली त्याने स्वतः खड्डा खणला. जमीन खडकाळ होती, त्याच्याही हाताला फोड आले. मी त्याला मदत केली नाही. त्याचे ते फोड त्याच्याकडेच राहू दिले.

आम्ही परत आलो तेव्हा सामानाबरोबर पेटीही आली. सासूबाई आता नाहीत. हिराजीही नाही, त्याच्या जागी त्याचा पुतण्या बसतो. गिरमिट परत द्यायला मी गेले होते, हिराजीच्या बायकोने घेतलं नाही. वाशीच्या बाजारात ट्रकांची रांग अजून लागते आणि नवा विमानतळ झाल्यापासून विमानं आता थेट खाडीवरून जातात. ती डोक्यावरून गेली की मी मान वर करत नाही, मला सामानाच्या भागाची आठवण येते.

आज आंबे पिकले. सकाळी वास आला, मी पेटीजवळ जाऊन बसले. आत आंबे आहेत हे मला माहीत आहे. मीच भरले आहेत. तरी दर वर्षी मी खालच्या त्या भोकात बोट घालते. कुणी बघत असलं तरी घालते.

सुतार आज काम संपवून निघाला होता. दारात थांबून म्हणाला, "मॅडम, पक्कं ना? ती भोकं नाय बुजवायची?"

माझं बोट आतच होतं. आतून आता कुणी गुरगुरत नाही. म्हणून मग मी गुरगुरले.